तुर्की

माणिक चौकाच्या आतल्या गल्लीत ताहेरभाईंचं दुकान.
शटर अर्धं खाली, भिंतीवर साखळीत ओवलेल्या बंदुका,
गड्ड्याच्या गर्दीत हरवू नयेत म्हणून
एकमेकांचे हात धरायला लावलेल्या पोरांसारख्या.

"बसा, हवालदार. लायसन आणलंय ना?"
आणलंय. प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर.
सात महिने, नऊ सह्या, आणि शेजाऱ्याचा जबाब:
येमुल माणूस बरा आहे, फक्त बोलत नाही.

कॅश व्हॅनवाल्यांची अट साधी.
स्वतःची बंदूक असेल तर अठरा हजार,
नसेल तर काठी, आणि अकरा.

ताहेरभाई गादीवर चादर पसरतात,
दोन्ही तिच्यावर ठेवतात,
बस्त्याच्या साड्या दाखवाव्यात तशा.

ही तुर्की. हलकी, काळ्या फायबरची.
पंप मागे ओढला की लोण्यातून सुरी.
"इम्पोर्टेड, आणि त्यातली स्वस्तातली.
इटलीवालीच्या पावपट नाही."

ही आपली, सरकारी कारखान्याची.
लाकूड जाड, पॉलिश एका बाजूला ओघळलेलं.
पंप ओढला की आधी कुरकुरते,
मग थोडा विचार करते,
मग खटकन बसते, जेवणाच्या सुट्टीनंतर
खुर्चीत बसणाऱ्या साहेबासारखी.
"ही नुसती दाखवायला. नंबर लावा,
चार महिन्यांत येईल. पाचही म्हणा."

बावीस वर्षं मी सरकारचं लोखंड खांद्यावर वागवलं.
त्याची कुरकुर मला पाठ आहे.
तरी हात तुर्कीकडे जातो.
खोटं कशाला बोलू.

"पिन तुटली तर?"
ताहेरभाई चष्मा पुसतात.
बराच वेळ पुसतात.
बाकावर चहा फुंकत बसलेला मल्लप्पा मिस्त्री
कानडीत काहीतरी पुटपुटतो आणि हसतो.
"सरकारीची पिन मी कानशीनं घासून देतो, संध्याकाळच्या आत.
हिची? इस्तंबूलला पोस्टकार्ड टाक."

मला एकदम राजमणी आठवते.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, तिसऱ्या शेडमध्ये,
दिवसाला आठशे लेबलं शिवते.
टॉवेल इथला. पाणी उजनीचं.
माग चालवणारा बालराज, विडी घरकुलातला,
सायकलची चेन रोज पाण्याच्या टाकीपाशी पडते त्याची.
काठावर दोन बोटांची पट्टी तेवढी: टर्किश.
चार वर्षं मी त्याच गेटवर काठी घेऊन उभा होतो,
ट्रकमध्ये चढणारे गठ्ठे मोजत,
तुर्की, तुर्की, तुर्की.

तिनं तुर्कस्तान पाहिलेलं नाही.
मीही नाही.
तिकडेही असेल कुणी बाई,
नळ्यांवर दिवसभर शिक्के उठवणारी,
रात्री बोटांना तेल चोळणारी.
सोलापूर कुठे आहे, तिला कशाला ठाऊक असेल.

मी सरकारीला नंबर लावला.
देशप्रेम वगैरे नाही.
मल्लप्पा घरापासून चालत सात मिनिटांवर राहतो.

आली सहाव्या महिन्यात.
तेराव्या दिवशी आचारसंहिता लागली.
बंदूक ठाण्यात जमा, मी परत काठीवर, अकरावर.

ठाण्याच्या मागच्या खोलीत बंदुका
सरपणासारख्या रचलेल्या.
"गुंडाळायला आणलंय काही?" मुन्शीनं विचारलं.
आणलं होतं.
लेबल तिरकं बसलं म्हणून बाद झालेला,
राजमणीनं घरी आणलेला सेकंडचा टॉवेल.

मुन्शीनं पट्टी वाचली.
बंदूक तळहातावर तोलली.
माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं
आणि रजिस्टरात सावकाश लिहिलं:
पंप, बारा बोअर, तुर्की.

मी काही बोललो नाही.