सत्त्याऐंशी अंशांवर

आमच्या एल आल्तोत
पाणी सत्त्याऐंशी अंशांवर उकळतं,
बटाटे तासभर हटून बसतात.
म्हाताऱ्या इलारिओनचा संगणक शहाण्णववर होता
आणि अजून चालू होता.
पाण्यापेक्षा सोशिक म्हणायचा.

"नाच सुरू झाला की मरतो," तो म्हणाला.
गल्लीतल्या जत्रेचं चित्रण.
बँड येतो, मागून बायका येतात, घागरे
पहिली गिरकी घ्यायला उचलतात
आणि पडदा काळा.
चारदा. त्याच गिरकीवर.
यजमानानं पैसे आगाऊ दिलेत,
रोज सकाळी फोन करतो.

मी आधी ऐकते. हात नंतर.
पंखा फिरत होता, जरा जास्तच,
चढावर पोतं घेऊन बोलू पाहणाऱ्या माणसासारखा.
"हवाच विरळ," इलारिओन म्हणाला,
"लिम्बर्ट सांगून गेलाय, इथं सगळंच तापतं."
लिम्बर्ट त्याचा मुलगा,
सहा वर्षं साओ पाउलोत, शिवणयंत्रावर.
जायच्या आदल्या रात्री त्यानं हा जोडला
जेवणाच्या टेबलावर, मेणबत्तीच्या डागांशेजारी.
बस पहाटे पाचची होती.

हवा विरळ आहे, खरंय.
पण हवेच्या नावावर मी दहा अंश लिहीन,
फार तर बारा.
बाकीचे कुणाच्या खात्यावर?

झाकण काढलं. आत ऑगस्टची धूळ
आणि अल्पाकाची लोकर, पात्यापात्यांत गच्च;
एका हाताचा मोजा झाला असता.
खाटेवर इलारिओनची बायको एउलालिया विणत होती,
सुया थांबल्या नाहीत.
पंखा बोटानं धरून फुंकलं, ब्रश मारला,
खोकले, पुन्हा चालू केला.
एक्क्याण्णव.
म्हणजे चोर घरातच, आणखी आतल्या खोलीत.

चार स्क्रू, तिरप्या जोडीनं, थोडे थोडे सैल.
कूलर ओढायचा नसतो, पिळायचा असतो हळूच,
नाहीतर चिपही येते बरोबर
मुळासकट दातासारखी.
उचलला.

तांब्यावर प्लॅस्टिक.
कारखान्यातलं, पारदर्शक, केसाएवढं जाड,
कडेला लाल अक्षरांत:
वापरण्यापूर्वी काढावे.

सहा वर्षं दोघं
एकमेकांवर दाबून बसलेले,
एक तापून सांगतोय,
दुसऱ्याला नीट ऐकूच येत नाही.
आणि दोष हवेला.

मी पहाटेची ती वेळ मोजली.
बॅग भरायची. आईनं बांधलेला डबा.
एक स्क्रू टेबलाखाली गेलेला.
कोण वाचतं लाल अक्षरं, पाच वाजता?

"काय निघालं?" इलारिओननं विचारलं.
मी ते फडक्यात दुमडलं.
"धूळ," म्हटलं, "आणि लोकर."

सुया थांबल्या.
आता खोटं बोलून झालं होतं
आणि ते मधल्यामध्ये एका बाईच्या मांडीवर जाऊन पडलं होतं.
एउलालियानं माझ्याकडे पाहिलं, मग फडक्याकडे.
त्या टेबलाशी त्या रात्री
कंदील तिनंच धरला असेल.
"असेल माझीच," ती म्हणाली,
"मी दाराशी बसून विणीन."
आणि पुढच्या ओळीचे टाके घातले.

स्पिरिटनं दोन्ही तोंडं पुसली, आरशासारखी.
मटारच्या दाण्याएवढी पेस्ट, मधोमध.
स्क्रू पुन्हा तिरपे, थोडे थोडे घट्ट.
अडुसष्ट.
नाच सुरू झाला की त्र्याहत्तर,
घागरा उचलला, त्र्याहत्तर,
गिरकी पुरी झाली.
इलारिओन खुर्चीवरून अर्धा उठला होता,
त्यानं अजून श्वास सोडला नव्हता.
सहा वर्षांत पहिल्यांदाच
त्या पंख्याचा आवाज खोलीत शोधावा लागत होता.

बिलात लिहिलं: साफसफाई, पेस्ट.
एउलालियानं वरून पाच बटाटे दिले, गरम,
दारापर्यंत आली,
फडकं मागितलं, धुऊन देते म्हणाली.
मी दिलं, आत जे होतं त्यासकट.
"मधोमध कच्चे असतील," ती म्हणाली,
"घरी गेल्यावर पुन्हा चढव."