जड पाणी

निहारिका हैदराबादला गेली.
हॉस्टेलात मासे नेता येत नाहीत,
म्हणून दोन फुटी काच माझ्या वाट्याला आली.
सोबत एक वही, एक बाटली.
बाटलीतले तीन थेंब नळीतल्या पाण्यात टाकायचे
आणि रंग बघायचा.

रंग बघायचा! मला सांगते?
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या डाय-हाऊसात
वाफेत वाकून काढली मी.
सोड्यानं पाणी अकरावर जातं
तेव्हा कुठं लाल रंग टॉवेलचा हात धरतो.
मग धुवायचं, ॲसिटिकनं खाली आणायचं,
कागदाची पट्टी बुडवायची,
हिरवट दिसली की पुरे.
चष्मा नव्हता तेव्हाही चुकलो नाही.

नळीत निळा आला.
दौतीतल्या शाईसारखा. आठ पॉइंट चार.
वहीत तिचं मुंगीचं अक्षर:
निऑनला साडेसहा ते सात. ताता, प्लीज.

आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी.
मधले चार दिवस बोअर,
ज्यानं गिझरची कॉइल पांढरी होते
आणि पद्मावती न शिजणाऱ्या तुरीला शिव्या देते,
द्यायच्या खरं तर खडकाला.

ॲसिटिकचे थेंब मोजून टाकले.
रात्री नळी हिरवी. झोपलो.
सकाळी पुन्हा निळी,
रात्री काही घडलंच नाही अशी.
दुसऱ्या रात्री दुप्पट.
सकाळी निळी.
तिसऱ्या रात्री मोजलंच नाही.

चार मासे आडवे होते.
अंगावरची लाल रेघ तशीच, पक्की,
जराही रंग सुटला नव्हता.

विजापूर वेशीत मुबीनचं दुकान.
तो रागावला नाही, एवढंच म्हणाला,
"चाचा, मासा पाण्यानं मरत नाही, झटक्यानं मरतो.
आणि तळाला काय ठेवलंय?"

तळाला शिंपले होते.
पद्मावतीनं ठेवलेले, टाकी बोडकी दिसते म्हणून.
गणपतीपुळ्याचे.
उभ्या जन्मात एकदा बघितलेला समुद्र
तिनं रुमालात बांधून आणला होता.
एकावर लिंबू पिळलं.
फसफसला.
म्हणजे मी रात्री ओतायचो
ते हा बसल्या जागी खाऊन टाकायचा.
तिला सांगितलं, तर म्हणाली,
"मग तुमचं आंबट कमी करा की."

मुबीनचा हिशेब वेगळा.
"निऑनच्या नदीत पानं कुजतात, पाणी चहासारखं होतं.
सोलापुरात नळाला चहा येतो का?
गप्पी घ्या. त्यांना हेच जड पाणी आवडतं."

गप्पी बघत उभा राहिलो.
आजोबा करीमनगरकडून आले,
पिशवीत धोटा, तोंडात तेलुगू.
नीळ्ळु मागितलं, इथल्या विहिरीचं मिळालं,
पहिला घोट थुंकले म्हणे.
मग साठ वर्षं तेच प्यायले.
किती सोसेल म्हणून
कुणी पट्टी बुडवून बघितली नव्हती.

गप्पी घेतले नाहीत.
घरी पाच निऑन होते अजून.

शिंपले बशीत घालून फ्रिजवर ठेवले, तिला दिसतील असे.
बादलीत अर्धं आरओचं, अर्धं नळाचं,
त्यात शाळेबाहेरच्या बदामाची दोन वाळकी पानं.
दुसऱ्या दिवशी पाणी बिडीच्या पानासारखं तपकिरी झालं.
हवेच्या नळीला गाठ मारली
(गाठ बोटांनीच मारली, मला विचारलं नाही)
सेकंदाला एक थेंब जाईल एवढी सैल.

स्टुलावर बसलो.
दोन तासांनी फोन आला.
"ताता, किती?"
"सात पॉइंट चार."
"अजून खाली नको?"
"नको. आज इथं थांबतो."
मग विचारलं, तिकडचं पाणी कसं आहे.
"केस गळतायत," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही.
फोन काचेजवळ धरला,
तिला थेंब ऐकू जावेत म्हणून.