टोपीच्या पट्टीतलं

यंत्र दंडाला आवळतं, सुस्कारा सोडतं,
आकडा दाखवतं : एकशे अठ्ठावन्न, खाली अठ्ठ्याण्णव.
मी पुन्हा घेतो. एकशे बासष्ट.
तिसऱ्यांदा नको, आयलीन म्हणते,
त्या यंत्रालाही तुझा कंटाळा येईल.

खिडकीतून समुद्र, पलीकडे ॲरनचा डोंगर,
आज अर्धाच.
चोवीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनरूममध्ये
मी दाबाचेच काटे वाचत आलो.
तेलाचा दाब, पाण्याचा, हवेचा.
काटा लालात शिरला की कुठला व्हॉल्व्ह कितीसा सोडायचा,
झोपेत विचारा, सांगेन.
स्वतःचा काटा चढला
तेव्हा हात नुसता खिशात गेला.

म्हणून हा डबा.
झाकणावर धावणारा गृहस्थ, केस करडे, दात सगळे शाबूत.
नायट्रिक ऑक्साइड, म्हणे : शिरा सैलावतात,
रक्ताला वाट मिळते.
आत बिटाची पूड.
बत्तीस पौंडांची बिटाची पूड!
आई हीच बिटं व्हिनेगरमध्ये मुरवायची
आणि मी ती टेबलाखालून कुत्र्याला चारायचो.
कुत्रा सतरा वर्षं जगला.

दुसऱ्याच दिवशी लघवी गुलाबी.
टबच्या काठावर बसून मी मनातल्या मनात
वाटण्या करून टाकल्या,
होडी धाकट्याला, अवजारं थोरल्याला,
आणि मग आठवलं, बीट.

डब्यावर मुंगीच्या अक्षरात : माउथवॉश टाळा.
जिभेवरचे जंतूच म्हणे ही किमया करतात.
आयलीन उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

वडिलांची गोष्ट मी तिला पूर्ण कधी सांगितली नाही.
वाळूच्या टेकड्यांमागच्या कारखान्यात
ते डायनामाइटच्या कांड्या भरायचे.
नायट्रोग्लिसरीन कातडीतूनच आत शिरायचं.
सोमवारी डोकं ठणकायचं,
बुधवारपर्यंत अंगवळणी पडायचं,
मध्ये सुटी आली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.
यावर कामगारांचा तोडगा :
त्यातलंच चिमूटभर टोपीच्या आतल्या पट्टीत
खोचून घरी आणायचं, शनिवार-रविवार डोक्यावर वागवायचं.
चर्चलाही तीच टोपी.
आई म्हणायची, लोक बायबल घेऊन येतात, तू सुरुंग.

फार उशिरा एका डॉक्टरांनी सांगितलं :
त्या तेलातून अंगात सुटतो तो हाच वायू,
तुझ्या डब्यावर ज्याचं नाव आहे.
शिरांना त्याची सवय लागली
आणि एक दिवस तो मिळाला नाही,
तर त्या मुठीसारख्या मिटतात कधीकधी.

वडील गेले तो रविवार होता.
डोक्यावर नवी टोपी होती,
ग्लासगोहून मी आणलेली, माझ्या पहिल्या पगाराची.
मीच म्हणालो होतो, आज ही घाला.

गेल्या गुरुवारी शिडीवर
इंजिन स्थिर होतं, मीच फिरलो.
दोन्ही हातांनी कठडा धरून उभा.
खालून डुगाल्ड ओरडला, झालं काय?
नर्स एन्डिडीने आकडा पाहिला, या वेळी फारच खाली,
मग माझ्याकडे पाहिलं.
आमची गोळी, वर तुझा डबा,
आणि मला सांगायचं कधी, बुडाल्यावर?
डबा तिने टेबलावर उपडा केला, मागचं बारीक सगळं वाचलं,
वाचायला चष्मा लागला तिलाही.
बीट खायचं तर ताटातून खा, म्हणाली.
गोळी चुकवू नकोस. डबा इथेच ठेव.

काल रात्री माळ्यावर चढलो, जपून.
जुनी टोपी सापडली, नवी नव्हे.
पट्टी उलटी करून नाकाशी धरली :
धूळ, जुना घाम, थोडंसं लोकरीचं काहीतरी.
तशीच डोक्यावर घालून बसलो बराच वेळ,
खाली आयलीन दोनदा हाक मारून गेली.

डोकं दुखलं नाही.
थोडं दुखायला हवं होतं.