नऊ वाजताची नोंद

लुईस बेटावर झाडं जवळजवळ नाहीत,
वारा अडवायचं काम कुंपणाच्या तारांवर पडतं
आणि त्यांना ते जमत नाही.
वडील गेले त्या आठवड्यात मी ग्लासगोहून परतले
तेव्हा त्यांच्या दोन वस्तू कुणालाच नको होत्या:
परसातला तांब्याचा पर्जन्यमापक
आणि गेलिक बायबल, पाठीला चिकटपट्टी लावलेलं.

पर्जन्यमापक सोपा.
सकाळी नऊला जायचं,
बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं,
डोळा पाण्याच्या रेषेशी आणून आकडा लिहायचा,
पाणी गवतावर फेकायचं.
तापातही गेले मी,
गाऊनवर वडिलांचा कोट चढवून.

बायबलचं तसं झालं नाही.
जानेवारीत ठरवलं, रोज चार पानं, वर्षात पूर्ण.
वडील दोन्ही वेळा सगळ्यांना बसवून वाचायचे,
पाय हलला तरी त्यांची भुवई वर जायची.
मला एकदा त्या भुवईशिवाय वाचायचं होतं.
जग निर्माण झालं, पूर आला, ओसरला,
भावांनी भावाला विकलं,
मग तंबूच्या पडद्यांची मापं सुरू झाली,
हात, रुंदी, कड्या, फासे,
आणि फेब्रुवारीत मी तिथंच बुडाले.
एकोणीस दिवस पुस्तक उघडलं नाही.
विसाव्या दिवशी लाज वाटली म्हणून उघडलं नाही.
लाजेची सवय लवकर लागते,
तिला गजर लावावा लागत नाही.

शेजारची ह्यूइना म्हणाली,
"मी चहाचं पाणी उकळेपर्यंतच प्रार्थना करते.
माझी किटली जुनी आहे, देवाला ठाऊक आहे."
हसले मी. मला तेवढंही जमत नव्हतं.
डोळे मिटले की मेंढ्यांचं औषध, छपराची गळती.
शब्द निघालेच तर वडिलांच्या आवाजात.

मार्चात हवामान खात्याचं पत्र:
जुन्या नोंदी तपासून पाठवा.
टेबलावर छत्तीस वर्षांच्या वह्या.
आई गेली ती तारीख मी शोधली नव्हती, समोर आली.
चार पूर्णांक दोन.
बाकी काही नाही. चारचा आकडा तेवढा दोनदा गिरवलेला.
दुसऱ्या दिवशी: निरंक.
म्हणजे गेले होते ते परसात.
रिकामी बाटली उचलली, रिकामी नळी डोळ्यांशी धरली,
काहीच नाही, हे नीट बघितलं
आणि तारखेपुढे लिहिलं.
छत्तीस वर्षांत एकही रकाना कोरा नाही.
मी त्यांना दगड म्हणायचे.

तेव्हापासून वहीत माझा एक रकाना आहे,
अगदी उजवीकडे, पेन्सिलीनं.
तो खात्याला पाठवत नाही.
पावसाची नोंद झाली की बूट न काढता
दारातल्या बाकावर बसते,
पडद्यांच्या मापांपाशीच, बुडाले होते तिथंच.
कधी अर्धं पान, कधी एकच ओळ,
तीही अडखळत, माझं गेलिक गंजलंय.
मग डोळे मिटते.
मग लिहिते: निरंक.
नोंद खोटी करायची नाही, हे घरचं वळण.
एप्रिल निरंक. मे निरंक, निरंक.
एक दिवस नुसता राग आला,
तो कुठल्या मापात मोजायचा कळेना,
तसाच लिहिला, राग.

जूनमध्ये, जळणासाठी पीट कापायच्या दिवसांत,
बाटली रिकामी दिसली, पण तिरकी केली
तर तळाशी काच ओली.
मोजण्याइतकं काही नाही.
त्याला शब्द आहे. वडिलांनी मला सातव्या वर्षी शिकवला होता,
याच परसात, माझी मान धरून नळीशी नेत:
लेश.
पाऊस पडलेला असतो, आकडा नसतो.

आत आले. बाकावर बसले.
पुस्तकात दिव्याच्या तेलाची व्यवस्था होती,
तो रोज संध्याकाळी कुणीतरी लावायचा, एवढंच.
डोळे मिटले.
किती वेळ, सांगता येणार नाही.
किटली ओरडत होती, ती दुसऱ्याच कुणाच्या घरातली वाटली.

पेन्सिल सापडेना, कोटाच्या खिशात निघाली.
दोन्ही रकान्यांत तोच शब्द लिहिला
आणि बाहेर धावले;
एक मेंढी तारेत अडकून ओरडत होती.