नांगर

लोरेन टटहिल साडेसहालाच येते,
बुटांना खाडीची वाळू तशीच.
बशीतले कृमी एक मिलिमीटरही न भरणारे,
काचेसारखे आरपार.
प्लॅटिनमच्या तारेनं ती एकेकाला उचलते
तसंच, जसे तिची आई शिंपले फोडायची:
सगळं बोटांनी, मनगट हलायचं नाही.

लाँग आयलंडच्या या टोकाला
फेरीचा भोंगा धुक्यात दोनदा वाजतो.
आम्ही दिवे घालवतो.

पडद्यावर एक हिरवी रेघ, तिच्यावर टेकलेली
एक लाल पेशी.
एकच.
आजूबाजूच्या सगळ्या दुभंगतायत, दोनाच्या चार होतायत,
गर्भाशय बांधायची घाई चाललीय,
आणि ही मात्र थांबलेली.
विभागणं तिनं सोडून दिलंय.
मला आधी वाटायचं, दमली असेल.

मग तिला खालून एक पाय फुटतो.
पाय कसला, टोचा.
रेघ एका जागी पातळ होते,
आणखी पातळ,
आणि मग तिथे रेघ नसते.
पेशी त्या भोकातून पलीकडे उतरते.
पुढे त्याच वाटेनं अंडी बाहेर येणार,
हे तिला कोण सांगतं, ठाऊक नाही.

दुसऱ्या बशीत बिघडलेला वाण.
यांच्यात थांबण्याची आज्ञाच पोचत नाही.
एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार,
आणि चौघी रेघेशी खोळंबून उभ्या,
लग्नघरच्या दारात चपला शोधणाऱ्या पाहुण्यांसारख्या.
रेघ शाबूत.
त्यांना बळजबरीनं थांबवलं तर?
लोरेननं गेल्या हिवाळ्यात थांबवून पाहिलं.
घुसल्या.

इंग्रजीत या पेशीला अँकर म्हणतात.
मी मराठीत नांगर लिहिलं आणि अडले.
आपला एक नांगर बोट धरून ठेवतो,
दुसरा भुई फाडतो.
शब्द तोच.
लोरेनला समजावून सांगितलं तर
तिनं भिंगावरून डोळा न काढता म्हटलं,
बरोबर आहे की.

मार्चमध्ये तिच्या भावाचा, वेन्डेलचा, रिपोर्ट आला.
रिव्हरहेडच्या डॉक्टर ब्रांकालिओने हसून म्हणाल्या,
गोळी लागू पडली, पेशी वाढायच्या थांबल्यात.
वेन्डेलनं टेबलावर थाप मारली,
जॉइस वहिनी रडली, पर्समध्ये रुमाल सापडेना.
लोरेन छताच्या फरशा मोजत बसली.
एकोणचाळीस.

हे तिनं मला पार्किंगमध्ये सांगितलं,
गाडीचं दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर.
कृमी म्हणजे माणूस नव्हे, मी म्हटलं.
नव्हेच, ती म्हणाली.
ती औषधं मला कळत नाहीत,
डॉक्टरीणबाईंना कळतात.
पण मी बावीस वर्षं
थांबलेल्या पेशी पाहतेय गं.

वेन्डेलचा बेत ठरलाय:
नोव्हेंबरचा पहिला सोमवार, स्कॅलपचा हंगाम,
बोट पेकोनिकमध्ये न्यायची.
गेली काही वर्षं जाळ्यात रिकामी टरफलंच येतात,
तरी न्यायची.
नांगराची साखळी गंजलीय, तेवढी बदलू, म्हणाला.
बदलू, म्हणाली ही.

आज सकाळी तिच्या वहीत:
वाण जुनाच. वय दीड दिवसाला दोन तास कमी.
पेशी एक. रेघ शाबूत.
खाली पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलेलं,
मी वाचायचा प्रयत्न केला नाही.

कॉफी गार झालीय.
ती स्टुलावर बसून आहे, पाठ ताठ,
हात मांडीवर,
काहीच करत नसल्यासारखी.