चार बोटं

छाटणी होऊन पाच दिवस झाले,
बागेत काड्यांचा सडा तसाच,
आणि ट्रॅक्टर रोटर उचलंना.
सकाळी गार असताना उचलतो, निमूट.
दोन ओळी झाल्या की थरथरतो,
अर्ध्यावर थांबतो, मग हळूच टेकतो
पाण्यातून न निघणाऱ्या म्हशीसारखा.

आमच्या ओळींमधल्या गल्लीत
मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. हा शिरतो, म्हणून घेतला.
बेडगेत हसले लोक: खेळणं आणलंस का गं, त्रिशला?
मी बोलले नाही. ओळीच्या टोकाला
एका दमात वळवून दाखवला.

दस्तगीरचाचा आरगेहून आले मोपेडवर,
पायांमध्ये हत्यारांची पिशवी.
पंचेचाळीस वर्षं इंजिनांपाशी उभं राहून
त्यांच्या कानातले बारीक आवाज गेलेत.
जाड तेवढे उरलेत: ट्रकचा भोंगा, चाचीची हाक.
पंपाची शीळ त्यांना ऐकू येत नाही.

आधी काहीच उघडलं नाही त्यांनी.
डिपस्टिक पुसली, बुडवली, उन्हात धरली.
तेल खुणेवर. रंग मात्र ताकाचा.
"बरणी आण."
मुरंब्याची आणली, अगदी कोरडी करून.
पेलाभर तेल तिच्यात काढलं,
बरणी कट्ट्यावर ठेवली आणि चहा मागितला.
"तासाभरात निवळलं तर हवा.
न्हाय निवळलं तर पाणी. पाणी आसलं तर खर्च."

इतका लांबलेला चहा मी पाहिला नव्हता.
पंप, सील, मजुरी, वर डावणीची फवारणी,
मी बोटांवर मोजत होते आणि मध्येच उठून बघत होते.
"बघून निवळत न्हाय ते," चाचा म्हणाले.

निवळलं. तळापासून वर, मधासारखं.

गाळणीत चिमूटभर पितळी भुकटी, चिंधीचा एक धागा.
एवढ्यानं काही होत नसतं म्हणाले,
तरी डिझेलमध्ये धुतली,
लेकराचं डोकं धुवावं तशी.

मग इंजिन चालू करून म्हणाले, "आता तू ऐक."
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला,
मूठ माझ्या कानामागच्या हाडाला.
"काय म्हनतोय?"
आवाजाला शब्द कुठून आणायचे?
"सुपात हरभरे पाखडल्यागत," मी म्हटलं, मोठ्यानं,
"आणि वर एक बारीक शीळ,
कुकरची शिट्टी यायच्या आधीची."
त्यांनी डोळे मिटून मान हलवली,
लांबच्या सोयऱ्याची खुशाली कळावी तशी.

बोटावर ग्रीस घेतलं. पंपाकडं तेल ओढणाऱ्या नळीचा
पहिला जोड माखला. "आता?"
"तसंच."
दुसरा. "आता?"
"तसंच."
तिसरा जोड आत, अडचणीत. त्यांचा हात जाईना.
माझा गेला.
बांगड्या कोपरापर्यंत सारून,
न बघता, पेरानं चाचपत
जोडाभोवती ग्रीस फिरवलं
आणि हरभरे थांबले.

मी ओरडले. ते त्यांना ऐकू आलं.

रिंग निघाली, चपटी, कडक, एका जागी केसभर चीर.
बाहेर एक थेंब सांडत नव्हती ती,
नुसती आत वारा घेत होती,
आणि मी आठवडाभर
जमिनीवर तेलाचे डाग शोधत होते.

रिंगेचे पंधरा रुपये, मजुरी दोनशे.
त्यातले शंभर माघारी दिले.
"ऐकायचं काम तुझं हुतं."

जाताना बजावलं: रोटर वर घे, इंजिन बंद कर,
सकाळी बघ रातीत किती उतरतोय.
आणि कुत्र्यालाबी खाली बसू देऊ नको.

काळ्याला रात्रभर खुंटाळ्याला बांधला. तो रडत राहिला.

सकाळी पत्र्यावर दव. बोटं लावून मोजलं,
फोन केला. "चार बोटं उतरला, चाचा!"
"काय?"
"चार! बोटं!"
पलीकडच्या बागेतून कुणीतरी डोकावलं.
"चार व्हय," चाचा म्हणाले. "चालतंय की.
मानूसबी रातीत तेवढा उतरतोच."

काळ्याला सोडलं.
मधली ओळ राहिली होती, ती धरली.