उजवा खांदा

मंगळवारची ओपीडी, आडगाव नाक्याच्या थोडं पुढे.
खुर्च्या दोन: धड खुर्ची पेशंटची,
डुगडुगती निसळ मॅडमची.
हातानं सांधे वाचायला शिकणारे आम्ही तिघं
भिंतीला टेकून उभे. मॅडम म्हणाल्या,
"भिंतीला काही दुखत नाहीये. पुढे या."

जनीबाई भोये. वय विचारलं तर, "चाळीस घाला."
गाव पेठच्या पलीकडे, ऑक्टोबरात दिंडोरीला,
द्राक्षछाटणीच्या टोळीत.
उजवा खांदा दुखतो, पंधरा दिवस झाले.
त्यांचं वाक्य संपायच्या आत
मयूरी म्हणाली, खांदा आखडलाय.
मी म्हणालो, स्नायूची दोरी झिजलीय,
दिवसभर हात वर, हातात कात्री, दुसरं काय होणार?
तेहसीन गप्प. तिला नेहमी वाटतं, आपण मागे पडतो.

मॅडमनी कागद सरकवला.
"तीन नावं लिहा. आणि प्रत्येकापुढे
काय दिसलं तर ते नाव खोडाल, तेही."
पहिला रकाना भरला भराभर.
दुसऱ्यापाशी पेन अडलं,
आपणच लिहिलेलं नाव आवडायला लागलं होतं एव्हाना.

मग हात लावायची पाळी.
"दाबू नका, ऐका. बोटांना घाई असते,
तळव्याला नसते."
जनीबाईंचा हात वर गेला, कानाला लागला,
मागे पाठीच्या मधोमध, खाली, पुन्हा वर,
मांडवाच्या तारेला जावा तसा, सहज.
सांध्यानं कुठे कुरकुर केली नाही.
माझी दोरी तिथेच तुटली.
मयूरीनं तिचं नाव स्वतःच खोडलं.

"छाटताना दुखतं?" तेहसीननं विचारलं, हळू.
"छाटताना नाही. रातच्याला.
टोळीत भजी केली होती, त्या राती तर लई."

भजी.
आमच्या कागदांवर तेलाचा डाग नव्हता कुठेच.

मॅडमनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला.
"घ्या श्वास, आत." श्वास निघाला
आणि मध्येच थबकला,
उंबऱ्यावर साप दिसावा तसा.

"पोटावरचा पडदा नांदतो इथे खाली,
पण त्याच्या नसेचं माहेर मानेत. खांद्याचंही तेच.
दुखतं सासरी, रडू ऐकू येतं माहेरी."
सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिता लिहिता
त्यांनी जनीबाईंना विचारलं,
काडी कुठे कापायची, कळतं कसं?
"डोळे मोजायचे. पण नुसतं मोजून भागत नाही,
वाकवून बघायची. मेलेली मोडते, जिती लवते."
मॅडमनी आमच्याकडे पाहिलं.
"लिहून घेतलं का कुणी?"
कुणीच घेतलं नव्हतं.

संध्याकाळी रिपोर्ट आला: पित्ताशयात खडे.
आम्ही टाळ्यांच्या बेतात. मॅडमनी खण उघडला.
पिवळा पडलेला एक केसपेपर:
नोटप्रेसमधले गृहस्थ, डावा खांदा.
तीन आठवडे मॅडमनी तो मन लावून चोळला.
चौथ्या आठवड्यात त्यांची मुलगी आली,
एकटीच.
एवढंच सांगितलं, आणि खण लावून घेतला.

गुरुवारी पुन्हा उजवा खांदा.
सातपूरचा पोरगा, कारखान्याचा गणवेश.
माझा हात थेट बरगडीखाली.
"श्वास घ्या." त्यानं घेतला, मोठा, अख्खा.
"रात्री भजी वगैरे?"
"नाही हो. द्वारकेला स्कूटरवरून पडलो.
बाहेर सांगितलंय की मी."
तेहसीननं तोंडावर फाईल धरली.

मॅडम हसल्या नाहीत.
"मंगळवार घरी ठेवून येत जा," म्हणाल्या,
माझा कागद घेतला, चार घड्या घातल्या,
आणि खुर्चीच्या तोकड्या पायाखाली सरकवला.

खुर्ची तरीही
थोडी डुगडुगलीच.